एक नंबरचं टेबल

येलदरीच्या पाण्याकाठी मुंजाभाऊंचं हॉटेल,
पाटीवर नांगर.
म्हणजे जहाजाचा, शेतातला नव्हे,
हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं लागायचं.
समुद्र भाऊंनी कॅलेंडरात पाहिलेला.

मी मागं ताटं विसळायचो,
त्यामुळं मला दोन्ही दारं दिसायची.

पुढच्या दारानं मोटारी यायच्या,
परभणीच्या, हिंगोलीच्या, कधी थेट नांदेडच्या.
बसा साहेब, पंखा लाव रे, पाण्याकडची खुर्ची द्या.
साहेब पाण्याकडं पाठ करून बसायचे,
फोटोत पाणी यावं म्हणून.

पाण्यानं यायचे ते मागच्या दारानं.
पल्याडचा सटवाजी, त्याचा मेहुणा परसराम,
आणि भावजय गिरजा,
जिचं वल्हं दोघांपेक्षा सरळ पडायचं.
पहाटे तीनपासून जाळी ओढून
मांडीपर्यंत ओले.
त्यांनी आणलेला मरळ पुढं तीनशे ऐंशीला ताट,
ते मागं भट्टीच्या राखेशेजारी उकिडवे,
पिठलं, भाकरी,
कांदा फोडायला स्वतःचीच मूठ.
पैसे रोख.
उधारी मोटारवाल्यांना.

काठावर एक खुंट होता, नावा बांधायला.
भाऊंनी तो उपटून घेतला.
नावा समोर उभ्या राहिल्या की वास येतो, म्हणाले.
तेव्हापासून नावा बाभळीच्या बुडख्याला,
बाजूला, जिथं खरकटं पाणी सुटायचं.

एकदा जिंतूरचा मुश्ताक आला, सुटीवर.
खरा खलाशी, नऊ महिने जहाजावर, दोन महिने घरी.
भाऊ धावले. या कप्तान, या.
कप्तान नाही हो, मी डेक पुसतो, तो म्हणाला.
ते कुणी ऐकलं नाही.
एक नंबरचं टेबल, दोनदा पुसलेलं. लिंबू जास्तीचं.

हात धुवायला तो मागं आला
आणि बुडख्याच्या दोरीकडं बघत राहिला.
मग वाकला, गाठ सोडली, वेगळी मारली.
ही ओढ बसली की घट्ट होते, चाचा.
सटवाजी म्हणाला, आमची बी होती की.
दोघं हसले. एकच बिडी दोघांत ओढली.
तिकडं बंदरात बी असंच असतंय, मुश्ताक म्हणाला,
बूट बघून खुर्ची देतात.
आणि पुढं जाऊन जेवला.
मरळच जेवला.
मला वाटलं होतं, ताट घेऊन मागं येईल.
नाही आला.
टीप शंभराची ठेवली,
ती भाऊंनी गल्ल्यात टाकली.

मग ते साल. धरण भरलंच नाही.
पाणी रोज थोडं मागं सरकायचं,
पैसे मागितल्यावर पाव्हणा सरकतो तसं.
चैतात काठ हॉटेलापासून अर्धा कोस.
बुडालेल्या गावांची जोती वर आली.
सटवाजीनं नुसतं बोट केलं,
ते तिसरं, आमचं.

मोटारी थांबल्या. पंखे थांबले.
पाटीवरचा नांगर आता शेतातला वाटायचा.
एकटा सटवाजी यायचा, भेगाळल्या गाळातून चालत,
डोक्यावर टोपलं, टोपल्यात बोटाएवढी चिलापी.

एके दिवशी भाऊंनी खांद्यावरच्या गमजानं
स्वतः एक नंबर पुसलं.
बस सटवाजी. इथं बस.

सटवाजीनं टेबल बघितलं, खुर्ची बघितली,
समोर जिथं पाणी असायचं तिथं बघितलं.
पाय चिखलाचे हायेत, म्हणाला,
आणि मागं गेला.

मी भाकरी दिली. पिठल्यात त्या दिवशी तेल बरं होतं.
भाऊ मधल्या दारात उभेच, हातात गमजा.
बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं,
तो खुंट कुठं टाकला रे आपण?

जाळला भाऊ, मी म्हणालो,
भट्टीत.
उपटला त्याच आठवड्यात.